वीतभर कोरी पट्टी

त्या दुपारी मी पट्टी पुढे सारली नव्हती. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना ते सांगायलाच हवं होतं त्या मोहित्यांना तर नाहीच. त्यांना मी पट्टी सारली होती असं सांगितलं. तेही त्यांनी समोर बसून, हळू आवाजात, मला सोडवायची तयारी ठेवून विचारलं तेव्हा.

मोहिते कोण आणि पट्टी कसली, हे आधी सांगायला हवं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी गिरगावात एका वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरच्या खोलीत ऑपरेटर होतो. संस्था आता राहिली नाही, नाव लिहीत नाही. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. फोर्टातल्या मुख्य कचेरीतून बातम्या तारेवरून आमच्याकडे येत आणि आमच्याकडून शहरातल्या वर्तमानपत्रांकडे जात. पण आलेली बातमी तशीच्या तशी पुढे जात नसे. येणारी तार आणि जाणाऱ्या तारा यांचा वेग कधी जुळत नाही. म्हणून मध्ये कागदाची एक अरुंद पट्टी असे. येणारं यंत्र तिच्यावर भोकं पाडायचं, पट्टी खाली टोपलीत सैल लोंबायची, आणि पलीकडचं यंत्र आपल्या सुयांनी ती भोकं वाचून अक्षरं पुढे धाडायचं. टोपलीत साठलेल्या पट्टीला मोहिते ‘पोट’ म्हणत. “तोंडात पडलं की लगेच बाहेर, हे आजारी माणसाचं पोट. आपल्या मशीनचं पोट चांगलं आहे, ते धरून ठेवतं,” असं ते नव्या माणसाला समजावत.

या धरून ठेवण्यातच एक गोम होती. भोकं पाडणारा भाग आणि वाचणाऱ्या सुया यांच्यात वीतभर अंतर होतं. बातमी संपली की भोकं पडणं थांबायचं, पट्टी ताणली जायची, आणि ती फाटू नये म्हणून सुयाही आपोआप थांबायच्या. मग बातमीची शेवटची एखादी ओळ त्या वीतभर पट्टीत तशीच अडकून राहायची. पुढची बातमी आली की ती मागून ढकलायची, आणि अडकलेली ओळ बाहेर पडायची ती नव्या बातमीच्या डोक्यावर बसून. म्हणून नियम असा होता की बातमी संपली की ऑपरेटरनं कळ दाबून वीतभर कोरी पट्टी पुढे सारायची. शेवटचं अक्षर सुयांपर्यंत पोचवायचं आणि मगच हात काढायचा.

नियम सगळ्यांना पाठ होता. गर्दीच्या वेळी तो कुणी पाळत नसे. बातम्यांमागून बातम्या येत असल्या की एक दुसरीला ढकलतेच. शिवाय कागद फुकट जातो म्हणून मॅनेजर देसाई कुरकुरायचे. मोहिते मात्र उभे राहून बघायचे. “पंत, वीत सोडा. बातमी अजून तुमच्याकडेच आहे,” असं म्हणायचे. मी परचुरे, पण मला ते पंतच म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लक्ष्मण मोहिते आमचे मेकॅनिक. ठेंगणे, रुंद खांद्यांचे. युद्धात ते सैन्याच्या सिग्नल विभागात होते, यंत्रं तिथे शिकले, आणि येताना थोडी हिंदी आणि पुष्कळ बढाई घेऊन आले. तेलाच्या कामाला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे. असं का, विचारलं तर म्हणायचे, “डाग पडला की कळतं मशीन कुठं गळतंय.” डाग कधी पडलेला मी पाहिला नाही. यंत्र बिघडलं की ते स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरत, टोक यंत्राच्या अंगाला लावत आणि डोळे मिटून घेत. आवाज म्हणे कानापेक्षा दातांतून नीट येतो. माझगावचा डिसोझा माझ्या शेजारच्या यंत्रावर होता. तो म्हणायचा, “ते बघ, मोहितेबाबा मशीनला किस देतो.” मोहिते डोळे न उघडता, मूठ दातांत तशीच धरून, त्याला अशी शिवी द्यायचे की शब्द कळायचा नाही पण अर्थ पोचायचा.

स्वभावानं गोड मुळीच नव्हते. बाहेरचा कुणी इंजिनिअर आला की त्याच्या हातातली हत्यारं बघून तोंड फिरवायचे. चहा पाजला तर लक्षात ठेवून परत पाजायचे, आणि आपण पाजलेला दुसरा कुणी विसरला तर तेही लक्षात ठेवायचे. देसायांशी त्यांचं रोज एक भांडण ठरलेलं. खोलीत पाण्याचा माठ होता, त्यावर सगळ्यांचा एक ग्लास. मोहिते आपला पितळी पेला घरून आणायचे आणि तो बरोबर देसायांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे, सगळ्यांना दिसेल असा. मी नवीन होतो, मला वाटलं मोठं मन दाखवावं. म्हणालो, “मोहिते, आता हे कशाला? आमच्यात कोण पाळतं? घ्या की त्याच ग्लासानं.”

त्यांनी आपला पेला भरून घेतला. “पंत, मी त्या ग्लासानं प्यालो तर तुम्ही तोंड वाकडं करणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही नंतर ग्लास विसळणार. हळूच. मला तो आवाज येतो.”

मी हसलो. पण मी विसळला असता. आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो.

त्यांची एक पद्धत होती, तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. बिघाड झाला की ते यंत्राला हात लावण्याआधी ऑपरेटरपुढे स्टूल ओढून बसायचे. तुमचे हात कुठे होते, काय दाबलं, काय ऐकलं. एकदा डिसोझाच्या यंत्रावर रोज चहाच्या सुमाराला अक्षरं बिघडू लागली. सकाळी सगळं ठीक, दुपारी ठीक, चहाची वेळ झाली की मंत्र्याच्या भाषणात मध्येच आकडे आणि चिन्हं. देसाई म्हणाले, विजेचा दाब कमी होतो. मोहित्यांनी स्टूल ओढलं.

“डिसोझा, चहाबरोबर काय खातोस?”

“काय नाय. थोडा खारा शेंगदाना.”

“हात पुसतोस?”

डिसोझा थोडा घुटमळला, मग म्हणाला, “झूट कशाला बोलू? नाय पुसत.”

तेलकट बोटं पट्टीला लागत होती, पट्टी चाकावर घसरत होती आणि भोकं जागा सोडत होती. दुसऱ्या दिवशी मोहित्यांनी स्वतः दाणे खाल्ले, बोटं न पुसता पट्टी हाताळली आणि तीच चुकीची अक्षरं पुन्हा काढून दाखवली. फक्त आम्हा दोघांना. देसायांना सांगितलं, “एक स्प्रिंग सैल होती, बसवली.” डिसोझाला त्यांनी वर चहा पाजला.

मला म्हणाले, “दोष पुन्हा घडवून दाखवता आला तर तो सापडला. नुसता बंद झाला तर तो लपलाय. आणि ऑपरेटर खोटं बोलला तर मेकॅनिकनं हत्यारं उचलून घरी जावं. मग मशीन उघडण्यात अर्थ नाही.”

“पण मेकॅनिकला कसं कळणार, तो खोटं बोलतोय?” मी सहज विचारलं होतं.

“नाही कळत,” ते म्हणाले. “म्हणून तर विश्वास ठेवायचा.”

आता ती दुपार.

गोळीबार झाला त्या आठवड्यातली. लालबाग-परळकडे संचारबंदी होती. गिरगावातही रस्त्यावर दगड, टायरचा धूर, खालच्या दुकानाची फळी अर्धी बंद. परळच्या एका इस्पितळातून जखमींची यादी आली होती, ती फोर्टातून तारेनं आमच्या पट्टीवर उतरली. नावं, वय, पत्ता. मी कानानंच ओळखायचो यादी कधी संपते ते. संपली. तेवढ्यात खाली गलका झाला आणि मी खिडकीशी गेलो. काही मोठं कारण नव्हतं. माझं कुणी मोर्चात नव्हतं. पोलीस कोपऱ्यावरून वळत होते, पोरं घरांत पळत होती, ते बघत उभा राहिलो. कळ दाबायची राहिली. राहिली हेही खरं नाही. दाबायची आहे हे माझ्या डोक्यात होतं. वाटलं, इतक्या बातम्या येतायत, पुढची येईल आणि ढकलेल.

पुढची लवकर आली नाही. बराच वेळ तार गप्प होती. मग आली ती मृतांची यादी. यादीतल्या पहिल्या नावाच्याही वर, अगदी ‘मृत’ या मथळ्याच्याही वर, जखमींतलं शेवटचं नाव छापलं गेलं. परब. गिरणी कामगार. लालबाग.

आमच्या खोलीतल्या प्रतीवर मी ते पाहिलं. तेव्हाच पाहिलं, दुसऱ्या दिवशी नाही. एक दुरुस्ती धाडायला किती वेळ लागतो? पण दुरुस्ती म्हणजे कुणाकडून चूक झाली हे देसायांना सांगणं. मी स्वतःला समजावलं की नाव मथळ्याच्या वर आहे, वर्तमानपत्रातल्या माणसाला कळेलच. आणि बऱ्याच ठिकाणी ते कळलंही. एका ठिकाणी नाही कळलं, त्यांनी परबचं नाव मृतांत छापलं. नेमकं तेच पत्र लालबागच्या चाळींत घरोघर जायचं.

चार-पाच दिवसांनी परबांचा भाऊ आमच्याकडे आला. वर्तमानपत्रवाल्यांनी हात झटकून त्याला आमच्याकडे धाडलं होतं. वयानं थोराड, मालवणकडचा, पायांत चपला नव्हत्या. तो भांडेल असं देसायांना वाटलं, म्हणून त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. तो बाकावर बसला आणि खाली बघत बोलू लागला. पेपरात नाव वाचल्यावर वहिनीनं बांगड्या फोडल्या. संचारबंदीत जीव मुठीत धरून सगळे प्रेतं ठेवतात तिथे गेले. तिथे नाही म्हणाले. कुणी म्हणालं, पोलिसांनी परस्पर नेली. मग पोलीस चौकी, मग स्मशान. जखमींच्या वॉर्डात बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही, पेपरात छापलंय म्हटल्यावर कशाला येईल? परब वॉर्डात तीन दिवस होता. पोटात गोळी. घरी सांगा, घरी सांगा म्हणत होता, असं शेजारच्या खाटेवरच्यानं मागाहून सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेला.

“आमी तेका मेलेल्यांत सोधूक लागलो,” भाऊ म्हणाला, “आणि तो थंय जितो होतो.”

मोहित्यांनी आपला पेला भरून त्याच्यापुढे धरला. तो प्यायला. मग उठला आणि कुणाला काही न विचारता जिना उतरून गेला.

देसायांनी दार लावलं. “वाईट झालं,” ते म्हणाले. “पण बातमी आता खरी झाली आहे, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्न येत नाही. फोर्टातून विचारणा मात्र झालीय. परचुरे, तुम्ही होता ना मशीनवर? पट्टी सारली होती?”

“हो,” मी म्हणालो.

“मग मशीननं खाल्ली. मोहिते, बघा.”

संध्याकाळी डिसोझा गेल्यावर मोहित्यांनी माझ्यापुढे स्टूल ओढलं. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

“पंत, साहेबांपुढे काय सांगितलं ते सोडा. आता इथं कुणी नाही. वीत सोडली होती का नाही, एवढंच सांगा. नसेल सोडली तर मी काहीतरी स्प्रिंग-बिंग सांगून टाकतो, तुमचं नाव येणार नाही. मला फक्त कळायला हवं, मशीन उघडायचं की नाही.”

माझं वय तेव्हा सव्वीस. लग्न ठरलेलं. नोकरीत कायम व्हायचं होतं. ही कारणं मी पुढे कितीदा तरी घोकली, पण तेव्हा त्यांतलं एकही मनात नव्हतं. तो बाकावर बसलेला माणूस मनात होता. ‘नाही’ म्हटलं असतं तर तो माझा झाला असता.

“सोडली होती,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उठले, बाह्या दुमडल्या आणि यंत्राचं झाकण काढलं.

ते झाकण त्यानंतर कधी नीट बसलंच नाही. आधी त्यांनी कळ काढली, पुसली, बसवली. मग तिच्याखालची स्प्रिंग बदलली. मग चाकाचे दात भिंगाखाली पाहिले. रोज काम संपलं की जुन्या बातमीची पट्टी घालायची, मध्येच थांबवायची, तासभर वाट बघायची, मग दुसरी धाडायची. प्रत्येक वेळी यंत्र वागायचं तसंच नीट वागायचं. कळ दाबली की वीतभर कोरी पट्टी पुढे.

“तुम्ही कळ दाबलीत,” ते मला म्हणायचे, खरं तर स्वतःलाच म्हणायचे. “पट्टी पुढे जायला हवी. गेली नाही. म्हणजे कळ आणि पट्टी यांच्यामध्ये काहीतरी आहे. दाबल्यावर आवाज आला होता का, पंत?”

“आला असेल.”

“आठवा. आला असेल तर दोष चाकात. नसेल आला तर कळीत.”

“आला होता.”

मग ते चाकामागे लागले. मी ‘नव्हता’ म्हटलं असतं तर कळीमागे लागले असते. माझ्या प्रत्येक उत्तरानं तो माणूस यंत्राच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात जात होता, आणि तिथे काही नव्हतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक-दोनदा त्यांना खरंच बारीक दोष सापडले. एक खिळा झिजलेला, एक तार सैल. तेवढा वेळ चेहरा उजळायचा. पण त्या दोषानं ती दुपार पुन्हा घडवून दाखवता यायची नाही, आणि ते हातातला खिळा खाली ठेवायचे. म्हणायचे, “हा नाही.”

डिसोझाला संशय आला होता असं मला वाटतं. एकदा तो चहा ओतता ओतता म्हणाला, “परचुरे, तू पण दाणा खातो का रे कधी?” “काय म्हणतोस?” असं मी विचारलं. तो म्हणाला, “काय नाय,” आणि पुन्हा कधी बोलला नाही.

त्याच वर्षी मोहिते बौद्ध झाले. त्यांच्या चाळीतलं जवळजवळ प्रत्येक घर झालं. दसरा उलटल्यावर कामावर आले ते नेहमीपेक्षा ताठ. घरातले देव समुद्रात सोडले म्हणाले. मी विचारलं, “कसं वाटतंय?”

“मोकळं,” ते म्हणाले. “आणि अवघडही. आधी काही झालं की नशीब म्हणून हात झाडता यायचे. आता ती सोय गेली. जे होतं त्याला कारण असतं, पंत. प्रत्येक गोष्टीला. ते शोधायचं.” आणि यंत्राकडे बोट केलं. “याला पण.”

देसायांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, “काय मोहिते, तुमच्या लोकांना आता ज्ञान झालं म्हणतात. मग एवढासा दोष सापडत नाही?”

“ज्ञान झालं म्हणून तर शोधतोय साहेब,” मोहिते म्हणाले. “नाहीतर एक सत्यनारायण घालून मोकळा झालो असतो.”

डिसोझा मोठ्यानं हसला. मीही हसलो. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं झणझणीत उत्तर. पुढे देसाई बोलायचे आणि ते ऐकून घ्यायचे.

त्या सुमाराला ते एक आठवडा आजारी होते म्हणून डिसोझा आणि मी त्यांच्या घरी गेलो. नायगावकडची चाळ, एकच खोली, लखलखीत. दारात चप्पल काढून मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “जरा जपून वो दादा, पाय कडंनं टाका. ह्यांचं मशीन हाय तितं.”

खाली पाहिलं तर फरशीवर खडूनं सगळं यंत्र काढलेलं. चाकं, सुया, कळ, टोपली. मोहिते भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, मांडीवर घोंगडी. माणसं भिंतीला घासून ये-जा करत होती. बाई हसत सांगत होत्या, पण हसणं वर वर होतं. “पोरगा झोपतो कोपऱ्यात अंग चोरून. झाडू मारायची बंदी हाय. मी म्हनलं, आवो, एक माणूस गेला त्यो गोळीनं गेला, तुमच्या मशिनीनं नाय गेला. तर म्हनत्यात, गोळीनं गेला पर एकला कशानं गेला?”

मोहिते म्हणाले, “पंत आलात बरं झालं. या, बसा. त्या दिवशी तुम्ही बसला होता ते इथं.” त्यांनी खडूनं एक चौकोन काढला. “कळ दाबली तेव्हा डावा हात होता की उजवा?”

डिसोझा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “उजवा.”

त्या घरात मला चहा दिला. मी तो संपवला.

नोकरी सुटली ती साध्या गोष्टीवरून. फोर्टातून माणूस येणार होता, त्याआधी यंत्र निर्दोष आहे असं मेकॅनिकनं सांगायचं होतं. देसाई म्हणाले, “मोहिते, इतके महिने नीट चाललंय. ठीक आहे म्हणा आणि संपवा.” मोहिते म्हणाले, “ठीक नाही. दोष आहे, मला सापडलेला नाही. मी ठीक म्हणणार नाही.” देसायांनी समजावलं, ओरडले, शेवटी म्हणाले की मग ज्याला सापडेल असा माणूस आणतो. मोहित्यांनी पेला उचलला, हत्यारं कापडात गुंडाळली, आणि जाताना माझ्या यंत्राशी थांबून म्हणाले, “वीत सोडत जा, पंत. याच्यावर भरवसा ठेवू नका.”

त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही चौघं होतो. नव्या बातमीची पट्टी येत होती, आवाज मोठा होता, आणि मी आवाजाचा आडोसा घेतला.

पुढे ते दादरला एका रेडिओच्या दुकानात दुरुस्तीला लागले. डिसोझा अधूनमधून भेटायचा, त्याच्याकडून कळायचं. हात तसाच होता म्हणे, पण दुरुस्त झालेला रेडिओ ते परतच देत नसत. अजून काहीतरी आहे, दोन दिवस राहू दे, असं म्हणायचे. गिऱ्हाईक चिडायचं. मालक त्यांची पाठ वळली की रेडिओ गुपचूप देऊन टाकायचा आणि मग ते दिवसभर त्या रेडिओची काळजी करत बसायचे. काम संपलं हे ओळखण्याची जी एक जाणीव माणसात असते, ती त्यांच्यातून गेली होती. ती मी घालवली. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि त्यातलं एक कारण मी काढून खिशात ठेवलं.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी मी बायको-मुलीला घेऊन दादरला रोषणाई बघायला गेलो होतो. लोक पेढे वाटत होते, ओळख नसलेली माणसं मिठ्या मारत होती. फुलबाजाराच्या बाजूला मोहिते दिसले. शर्ट पांढराच, इस्त्री नव्हती. मी तोंड फिरवणार होतो, पण त्यांनी पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत आले. मुलीच्या गालाला हात लावला. बायकोला म्हणाले, “वहिनी, आमचे पंत फार चांगले ऑपरेटर. शंभरात एक.” मग मला बाजूला घेतलं.

“एक विचारायचं होतं. डोक्यातून जात नाही. त्या दिवशी खोलीत ओल होती का हो? कागद दमट झाला तर जाड होतो. चाकाखाली अडू शकतो. मग कळ दाबली, आवाज आला, तरी पट्टी तिथंच. सगळं जुळतं.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आजूबाजूला ढोल वाजत होता. इतक्या वर्षांनी त्यांना निदान एक उत्तर मिळू दे असं मला वाटलं. निदान मला तेव्हा तसं वाटतंय असं वाटलं.

“होती,” मी म्हणालो. “हवा दमट होती त्या दिवशी. कागद हाताला गार लागत होता.”

“बघा,” ते म्हणाले. “बघा, म्हणजे ओलच.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. डोळ्यांत पाणी होतं. “आता करून बघतो. कागद भिजवून, वाळवून, थोडा ओला ठेवून. करून दाखवता आलं पाहिजे.” आणि रस्ता ओलांडायला वळले. समोरून मिरवणूक येत होती, गुलाल उडत होता. ते तिच्या कडेकडेनं, उलट्या दिशेनं, घाईनं चालत गेले. घरी ना यंत्र होतं ना पट्टी. कशावर करून बघणार होते, कोण जाणे.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते गेल्याचं डिसोझानं कळवलं तेव्हा मी नायगावला त्यांच्या चाळीच्या फाटकापर्यंत गेलो. आत गेलो नाही.

मोहित्यांच्या पत्नीही आता नाहीत. मुलगा शीवला राहतो, बँकेत आहे. घर मला माहीत आहे. त्याला जाऊन एवढंच सांगायचं आहे की तुझ्या वडिलांच्या यंत्रात दोष नव्हता, पट्टी मी सारली नव्हती, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. लालबागला परबांच्या घरीही हेच सांगायचं आहे. तिथे आता कोण आहे, मी कधी चौकशी केलेली नाही. दोन्ही ठिकाणी जायचं अजून राहिलेलं आहे.